अंड्यातला दिगू

दिगू, तुझ्या तोंडाला कोणता इफेक्ट द्यायचा यावर आम्ही तुझ्याच घरात, तुझ्याच सोफ्यावर बसून चांगली दोन तास चर्चा केली. तुझं मत कोणी विचारलं नाही. तू असतास तर दोन मिनिटांत विषय संपला असता, कारण कोणाचंही ऐकून न घेता तू माऊस ओढून घेतला असतास.

विषय तसा साधा होता. आपल्या शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा, भिंतीवर पडदा, पडद्यावर तू. शाळेत कोणाचा सत्कार असो, निवृत्ती असो, नाहीतर असलं काही असो, पडद्यावर काय दिसणार ते गेली सतरा-अठरा वर्षं तू ठरवायचास आणि माईकवर काय ऐकू येणार ते मी. आता पडद्यावर यायची पाळी तुझी आणि पीपीटी करायची पाळी माझी. म्हणजे आचाऱ्याला पाटावर बसवायचं आणि स्वयंपाक वाढप्यानं करायचा. चव कशी लागणार ते तू ओळखलं असशीलच.

भिंगारहून तुझे मेहुणे आले होते. त्यांची नोकरी लष्कराच्या ऑफिसातली, त्यामुळे ते सल्ला देत नाहीत, हुकूम सोडतात. म्हणाले, "सर, काळापांढरा करा. गेलेला माणूस रंगीत दाखवत नाहीत."

शालनवहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबून मला म्हणाल्या,

"ह्यांना काळंपांढरं करायचं नाही, भाऊजी. ते सांगून गेलेत."

"कधी सांगितलं?" मी विचारलं.

"गाडेकर सरांचा कार्यक्रम झाला ना, त्या दिवशी. घरी आले, चप्पल काढायच्या आधी म्हणाले, मी मेलो तरी मला रंगीतच ठेव."

झालं. मेहुणे शिस्तीत चहा पिऊ लागले आणि मला एकदम हसू आलं. दुखवट्याच्या घरात हसणं बरं दिसत नाही म्हणून मी ते बशीत फुंकर मारून लपवलं. ही हसू लपवायची गरज पडली ती तुझ्यामुळे. गाडेकर सरांची गोष्ट तुला पाठ आहे, पण तरीही मी ती सांगणार. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा रंगवून सांगणं यावर तर मी माझं अर्धं नाव कमावलं.

तू आपल्या शाळेतला प्रयोगशाळा सहायक. मी मराठीचा मास्तर. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ते कोणाच्या ताब्यात द्यावेत यावर बराच खल झाला, आणि शेवटी 'प्रयोगशाळा' या शब्दात तेही बसतात असं ठरवून किल्ली तुझ्या हातात पडली. तू त्या किल्लीचं सोनं केलंस. इतर लोक पीपीटीत फोटो चिकटवायचे. तू व्हिडिओ चिकटवायचास, आणि नुसते चिकटवून गप्प बसायचा नाहीस. मेनूतली इंग्रजी नावं तुला मान्य नव्हती, म्हणून तू प्रत्येक इफेक्टचं बारसं केलं होतंस. सावली, आरसा, झळाळी, मऊ कडा. गोल लांबट आकारात क्लिप बसवली की ते 'अंडं'. आणि लावलेलं सगळं एका फटक्यात उतरवून क्लिप होती तशी करणारं जे बटण असतं, त्याचं नाव 'आंघोळ'.

"मास्तर," तू म्हणायचास, "इफेक्ट म्हणजे पावडर-कुंकू. आंघोळ घातली की आतला माणूस होता तसा बाहेर येतो. कापलेलासुद्धा परत येतो. आपण कापतो म्हणजे नुसतं झाकतो."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. असो.

तर गाडेकर सर. आपले मुख्याध्यापक, सेवापूर्तीचा समारंभ, हॉल भरलेला, सर पहिल्या रांगेत फेटा बांधून. तू महिनाभर त्यांच्यामागे मोबाईल घेऊन फिरला होतास. सर प्रार्थनेला, सर तासावर, सर चहा पिताना. चहाच्या क्लिपला तू आरसा लावला होतास. क्लिप चालू झाली की आरसाही चालू होतो हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. वर सर सरळ चहा पीत होते आणि खाली दुसरे सर पाण्यात पडल्यासारखे उलटे चहा पीत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू गालातल्या गालात हसत माझ्याकडे पाहिलंस. तिथंच थांबायला हवं होतं.

शेवटच्या क्लिपमध्ये सर फाटकातून बाहेर पडतात आणि वळून हात हलवतात. ती तू अंड्यात घातलीस, कडा मऊ केल्यास, वर काळीपांढरी केलीस. खाली अक्षरं, "सर, आपली उणीव सदैव भासेल." आणि मी, आवाजात यथाशक्ती कंप आणून, माईकवर, "उद्यापासून सर आपल्यात नसतील..."

नेमकं त्याच क्षणी मागच्या दारानं सरांच्या आत्या आत आल्या. राहात्याच्या. त्यांची एसटी उशिरा आली होती. त्यांना समोर पडदा दिसला, पडद्यावर धुक्यातला काळापांढरा भाचा हात हलवताना दिसला, आणि माझा आवाज ऐकू आला. त्यांनी पिशवी टाकली आणि हंबरडा फोडला.

"आरं माज्या बाळा! मला फोनवर कुनी सांगितलं बी न्हाई रं!"

पहिल्या रांगेतून सर फेट्यासकट उठले. "आत्या, मी हाय! हितं हाय मी!"

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. "मग त्यो कोन हाय?"

"त्यो बी मीच."

"मग तुला असा धुरात कशापायी घातलाय?"

हॉलमधली तीनशे माणसं तुझ्याकडे वळून बघायला लागली. आत्या खुर्चीवर बसेनात. "आदी त्याला रंग लावा. त्याशिवाय मी पानी बी पिनार न्हाई." मग तू लॅपटॉपपाशी गेलास. सगळ्यांच्या देखत क्लिपला आंघोळ घातलीस. सरांच्या अंगावर निळा शर्ट आला, मागच्या गुलमोहराला लाल फुलं आली, आणि आत्यांनी आधी पडद्यावरच्या आणि मग खऱ्या भाच्याची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. असा टाळ्यांचा कडकडाट मला तीस वर्षांच्या सूत्रसंचालनात एकदाही मिळाला नाही.

त्यानंतर तू काळापांढरा रंग सोडलास. अंडं मात्र सोडलं नाहीस. आणि आपलं भांडण तिथंच होतं.

ते भांडण आपण कुठं कुठं केलं? स्टाफरूममध्ये केलं, बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर केलं, प्रवरेच्या पुलावर तुझ्या स्कूटरच्या मागे बसून वाऱ्यात ओरडत केलं. माझा मुद्दा एकच होता. माणूस आहे तसा दाखवावा. "दिगू, चौकोनी कॅमेऱ्यात शूट करतोस आणि मग माणसाला अंड्यात का कोंबतोस? माणूस जन्माला यायचाय की काय अजून?"

तू चिडायचा नाहीस, हा तुझा सर्वांत त्रासदायक गुण. म्हणायचास, "तू शब्दांना झळाळी लावतोस त्याचं काय? परवा त्या कारकुनाला ज्ञानयोगी म्हणालास."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मग मी पुन्हा अंड्यावर यायचो. एकदा मात्र तू उत्तर दिलंस. स्कूटर बाजूला घेतलीस, किक मारता मारता म्हणालास, "मास्तर, चौकटीच्या कोपऱ्यात नेहमी नको ते असतं."

मला वाटलं, कलेचा काहीतरी सिद्धांत असेल. मी तो पुढे दोन-तीन भाषणांत वापरलासुद्धा, अर्थात स्वतःच्या नावावर.

आणखी एका गोष्टीवरून मी तुला छळलं. तू माईकला हात लावायचा नाहीस. प्रत्येक कार्यक्रमात मी म्हणायचो, आता आमचे दिगंबरराव दोन शब्द बोलतील, आणि तू लॅपटॉपच्या मागे अजून खाली वाकायचास. हॉल हसायचा. "आमच्या दिगूला पडदा आवडतो, पण पडद्यामागचा," हा माझा ठरलेला विनोद होता. तो मी किमान तीस वेळा केला असेल. तुझ्या लाजाळूपणावर माझी बरीच वाक्यं बेतलेली होती.

तू गेलास त्या सकाळी मी तिकडे नगरजवळ, भिंगारलाच होतो, एका साखरपुड्याचं सूत्रसंचालन करायला. फोन आला तेव्हा मी मुलीच्या मामांना मंचावर बोलावत होतो. मामा आले, नारळ घेतला, मी दोन वाक्यं बोललो, माईक खाली ठेवला आणि निघालो. नगरहून आपल्या संगमनेरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वहिनी म्हणाल्या, "वाट पाहिली भाऊजी, पण ऊन चढायला लागलं." बरोबर केलं त्यांनी. तरी एक सांगतो, खांदा चुकला याचं मला तितकं वाटलं नाही. तुझ्या आंघोळीला मी नव्हतो, ते राहून राहून मनात येत होतं. का, ते तेव्हा कळलं नाही.

तर आता सोफ्यावर परत येऊ. काळापांढरा रंग रद्द झाला. वहिनींनी तुझा लॅपटॉप माझ्या मांडीवर आणून ठेवला. मी उघडला आणि मला तुझं कपाट उघडल्यासारखं झालं. एकेका माणसाच्या नावाची फाइल, आणि प्रत्येकीला तुझं शेपूट. गाडेकर_फायनल. गाडेकर_फायनल_२. गाडेकर_फायनल_४. तीन कुठं गेली देव जाणे. तुझ्या लेखी फायनल ही एक सुरुवात होती.

आम्ही शोधत बसलो. शेकडो क्लिपा. शिपाई, मुख्याध्यापक, गॅदरिंगमधले मावळे, विज्ञान प्रदर्शनातले ज्वालामुखी. सगळी शाळा होती, फक्त तू नव्हतास. कसा असणार, मोबाईल तुझ्याच हातात असायचा. मेहुणे म्हणाले, "आधार कार्डावरचा फोटो घ्या." वहिनी हळूच म्हणाल्या, "आवाज असलेलं काही बघा ना, भाऊजी. मला आवाज हवाय."

आणि सापडलं. एका जुन्या वर्षाच्या स्नेहसंमेलनाची पीपीटी. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना दाखवायला केलेली. बारा स्लाइड, बारा क्लिपा, बाराही अंड्यांत. अंडी तू त्याच पीपीटीपासून घालायला लागलास, हे मला तारखा पाहून तेव्हाच समजलं. बाराव्या अंड्यात तू होतास; त्या दिवशी मोबाईल कोणा पोराच्या हातात दिला असणार. हातात माईक. बोलत होतास.

वहिनींनी आवाज वाढवला. दोनदा खाकरणं. मग चष्मा दोन बोटांनी वर सरकवणं. एक बोट हवेत. "तर... मुद्दा असा, की..."

खोलीत तू आलास, दिगू. मी मुद्दाम काही वाढवून सांगत नाही. वहिनींनी पदराचं टोक धरलं आणि तशाच बसल्या.

तू विज्ञान प्रदर्शनाची माहिती देत होतास. साधी, नीट माहिती. आणि प्रत्येक 'मुद्दा असा'ला पोरं खदाखदा हसत होती.

वहिनींनी विचारलं, "मुलं एवढी का हसतायत? ह्यांनी विनोद केला का काही?"

"केला असेल," मी म्हणालो.

मेहुणे पडद्यात डोकावून म्हणाले, "सर, ते अंडं काढा. चेहरा लहान दिसतोय."

मी नको म्हणायला हवं होतं. मला आठवत होतं, दिगू. पण ते तुला ठाऊक नाही अशी माझी इतकी वर्षं खात्री होती, आणि जे तुला ठाऊक नाही ते क्लिपमध्ये कुठून असणार? मी क्लिप निवडली आणि तुझ्या भाषेत तिला आंघोळ घातली.

अंडं फुटलं. चारी कोपरे उघडले. डावीकडे कुंड्या आणि समई. आणि उजवीकडे, तुझ्या मागे दोन हातांवर, मी. डोक्यावर भरघोस केस असलेला मी. दोनदा खाकरून दाखवणारा. नसलेला चष्मा दोन बोटांनी वर सरकवणारा. एक बोट हवेत. तू ज्या क्षणी 'मुद्दा असा' म्हणत होतास त्याच क्षणी माझे ओठ तसेच हलत होते. पोरं माझ्याकडे बघत होती आणि तू त्यांच्याकडे बघून, आपलं बोलणं त्यांना आवडतंय असं समजून, हसत होतास.

क्लिप संपली. वहिनींनी ती पुन्हा लावली.

"हे तुम्ही?"

"हो."

"ह्यांना माहीत होतं?"

मी बाकीच्या अकरा क्लिपांना एकेक करून आंघोळ घातली. पहिलीच्या कोपऱ्यात रिकाम्या खुर्च्या. दुसरीच्या कोपऱ्यात पंखा. मग पडद्याची दोरी, झोपलेलं कुत्रं, कोणाची तरी छत्री. अकराच्या अकरा क्लिपांत झाकण्यासारखं काही नव्हतं. एकट्या बाराव्या क्लिपला अंडं दिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, हीच गोल का? म्हणून तू बाराही अंड्यांत घातल्यास.

त्या वर्षी पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव संस्थेकडे गेलं होतं, हे तू विसरला नव्हतास. मी विसरलो होतो. त्याच पदाधिकाऱ्यांसमोर ती पीपीटी लागली. त्यांना माईकवरचा दिगू दिसला, मागचा मास्तर दिसला नाही. मला पद मिळालं. मी पेढे वाटले. तू दोन घेतलेस आणि म्हणालास, "एक तुझ्या वहिनीसाठी." म्हणजे शालनवहिनींनाही माझ्या पेढ्याचा वाटा गेला. आणि नंतरची सगळी वर्षं तू सगळ्या शाळेला अंड्यात घालत राहिलास आणि मी टपरीवर बसून तुझ्या अंड्यांची टर उडवत राहिलो. कोपऱ्यात नेहमी नको ते असतं म्हणालास तेव्हा तू माझ्या तोंडावर सांगितलं होतंस, आणि मी ते भाषणात वापरलं.

आणि माईक. त्या दिवसानंतर तू माईक हातात घेतला नाहीस. ती क्लिप मोबाईलवरून लॅपटॉपवर घेऊन तू कधी पाहिलीस, एकटा होतास का, किती वेळा पाहिलीस, हे मला कळायला आता मार्ग नाही. मी त्याला लाजाळूपणा म्हणालो. तीस वेळा. माईकवरून.

तू बोलायला हवं होतंस, असं मी आता म्हणू शकतो. तुला राग येऊन तू चार माणसांत मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी माफी मागितली असती, तीसुद्धा रंगवून मागितली असती, आणि विषय मिटला असता. पण मग आठवतं, तू न बोलता कितीतरी गोष्टी मिटवायचास. हीही मिटवलीस. फक्त मला न कळवता.

वहिनींनी क्लिप तिसऱ्यांदा लावली आणि, दिगू, त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "हुबेहूब करताय की ओ. चष्म्याचं तर अगदी तस्सं." मग डोळे पुसत म्हणाल्या, "करा बरं एकदा."

मला आयुष्यात कोणी 'करा बरं' म्हणालं आणि मी केलं नाही, असं कधी झालेलं नाही. त्या दिवशी हात वर गेला नाही.

मेहुण्यांनी व्यवहार पाहिला. "सर, अंडं राहू द्या. तुमचंच नाव जाईल." खरं सांगतो, मी प्रयत्न केला. म्हटलं, अंडं नको, पण चौकोनातच जरा कडेनं कापू, म्हणजे मीच तेवढा जाईन. पण माझा हात कापायला गेलो की तुझं हवेतलं बोट कापलं जायचं. मग मला काळापांढरा करावा म्हटलं, पण इफेक्ट लागतो तो सगळ्या क्लिपला, त्यातल्या एकट्या माणसाला वेगळा काढता येत नाही. मी काळवंडलो की तूही काळवंडत होतास. तासभर धडपडलो. तुझं अंडं किती बेतून बसवलेलं होतं ते तेव्हा कळलं. बोटाचं टोक आत आणि मी बाहेर. केसाच्या अंतरानं.

शोकसभेला क्लिप पूर्ण दाखवली. रंगीत, चौकोनी, सगळे कोपरे उघडे. पोरं हसली तिथं हॉलही हसला, आणि मग एकेकाला मी दिसायला लागलो तसा एकेक जण गप्प झाला. पहिल्या रांगेत गाडेकर सर होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात.

"अरे, मागं तो कोण हाय? मास्तर का?"

"हो सर," मी माईकवरून म्हणालो. "मीच."

"हे कधी दिसलं नव्हतं."

"दिगूनं झाकलं होतं, सर."

एवढंच बोललो. पुढची चार पानं लिहून आणली होती, त्यात तुला बरंच काही म्हटलं होतं. ती खिशातच राहिली. बाहेर पडताना दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

लॅपटॉप बंद करताना त्यानं विचारलं, बदल जतन करायचे का? तुझ्या फाइलला मी नाही म्हणालो. त्यात मी अजून अंड्याबाहेर लपलेला आहे. ते काम तुझं आहे, त्याला मी हात लावायचा नाही. माझ्या प्रतीला वेगळं नाव द्यायचं होतं. तुझ्या सवयीनं टाइप केलं, दिगू_फायनल. पुढे दोनचा आकडा लावायला बोट गेलं, आणि तिथंच थांबलं.